विश्लेषण : ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’मध्ये नेमके पाहायचे काय? उंचीनुसार फुले आणि झुडपे का बदलतात?

उत्तराखंडमधील चमोली जिल्ह्यातले ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ राष्ट्रीय उद्यान दरवर्षी १ जूनच्या सुमारास उघडते आणि ऑक्टोबरअखेर बंद होते. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या ट्रेकिंग गटांच्या पावसाळी वेळापत्रकात या दरीचे नाव आता हटकून असते. मात्र परतणाऱ्यांपैकी अनेकांची एक तक्रार ठरलेली असते : ‘फोटोत दाखवतात तसे काही नव्हते.’ डोंगरभर अंथरलेला रंगीत गालिचा पाहायला निघालेल्या माणसाला तिथे बहुतेक हिरवा रंग दिसतो, धुके दिसते, पाऊस लागतो आणि फुले पायाशी, दगडाआड, झुडपांच्या सावलीत विखुरलेली सापडतात. तरीही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही वाट देशातील सर्वात समृद्ध वाटांपैकी एक आहे. दोन दिवसांच्या चालीत माणूस ओक-देवदारच्या जंगलातून निघून जिथे झाडच उगवू शकत नाही अशा उंचीवर पोहोचतो. या प्रवासात काय बदलते, का बदलते आणि या दरीतील फुलांवरून चाळीस वर्षे चाललेला वाद काय आहे?

दरी जगाला कधी कळली?

ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन आणि आर. एल. होल्ड्सवर्थ १९३१ मध्ये कामेत (७,७५६ मीटर) या शिखरावरून परतत होते. त्या वेळेपर्यंत मानवाने सर केलेले ते सर्वात उंच शिखर होते. परतीच्या वाटेवर भ्यूंडार खिंड ओलांडून ते या दरीत उतरले. स्माइथ १९३७ मध्ये केवळ वनस्पतींसाठी पुन्हा आला आणि पुढच्या वर्षी त्याचे ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नाव तिथून रूढ झाले. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग ही ब्रिटिश वनस्पतिसंग्राहक इथे नमुने गोळा करताना कड्यावरून घसरून मरण पावली. तिची समाधी आजही दरीत आहे आणि बहुतेक पर्यटकांची चाल तिथपर्यंतच असते.

‘शोध लागला’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. भ्यूंडार आणि पुलना या गावांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात इथे शेळ्यामेंढ्या घेऊन येत होते. त्यांच्यासाठी ही फुलांची दरी नव्हती, चराईचे कुरण होते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

१९८२ मध्ये दरीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे ८७.५ चौरस किलोमीटर. २००५ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाच्या जोडीने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला. भारतीय वन्यजीव संस्थेच्या वतीने चंद्रप्रकाश काला यांनी १९९३ पासून दशकभर केलेल्या अभ्यासात इथल्या ५२० वनस्पतींची यादी तयार झाली.

चढताना वनस्पती कशा बदलतात?

गोविंदघाट साधारण १,८०० मीटर उंचीवर आहे. तिथून पुलनापर्यंत गाडी जाते आणि मग घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटरची चाल. घांघरिया सुमारे ३,०५० मीटरवर. तिथून एक वाट डावीकडे दरीत जाते, दुसरी उजवीकडे चार हजार मीटरहून उंच असलेल्या हेमकुंडाकडे चढते. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेले की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे गोविंदघाट ते हेमकुंड या वाटेत सोळा-सतरा अंशांचा फरक पडतो. उत्तरेकडे हजारो किलोमीटर प्रवास करून जो हवामानबदल अनुभवता येईल, तो इथे पायी दोन दिवसांत मिळतो.

खालच्या टप्प्यात बांज (ओक), मेपल, कैल पाइन, देवदार भेटतात. वाटेच्या कडेला बिच्छू घास असते. तिला चुकून हात लागला की खाजकुयलीची आठवण येते. घांघरियाच्या आसपास सिल्व्हर फरचे उंच, काळपट जंगल सुरू होते. या जंगलात फुले कमी, कारण जमिनीवर ऊनच पोहोचत नाही. पर्यटक हा टप्पा ‘अजून काही नाही’ म्हणून झपाझप पार करतात. पण नेचे, शेवाळ आणि सावलीत वाढणारे कोब्रा लिली बघायचे तर ते इथेच.

दरीच्या तोंडाशी पुष्पावती नदीचा पूल ओलांडला की भूर्जवृक्ष दिसू लागतात. पांढरी, कागदासारखी पापुद्रे सुटणारी साल. याच सालीवर म्हणजे भूर्जपत्रावर कधीकाळी पोथ्या लिहिल्या जात. स्थानिक लोक त्याला भोजपत्र म्हणतात. साधारण साडेतीन हजार मीटरच्या आसपास भूर्ज विरळ होतात, वाकडेतिकडे होतात, आणि मग झाडे थांबतात.

झाडे एका उंचीनंतर का थांबतात?

प्राणवायू कमी पडतो म्हणून झाडे थांबतात, असा समज आहे. तो बरोबर नाही. जगभरातील पर्वतांची तुलना केल्यावर असे आढळले आहे की वाढीच्या हंगामातील सरासरी तापमान सहा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते तिथे वृक्षरेषा येते. इतक्या थंडीत पाने अन्न तयार करू शकतात, पण त्या अन्नापासून नवे लाकूड, नव्या पेशी घडवण्याचे काम जवळपास थांबते.

मग त्याच जागी फूट-दीड फुटाचे झुडूप कसे जगते? कारण उंच असणे हाच इथे तोटा ठरतो. झाडाचा शेंडा वाऱ्यात उघडा असतो आणि हवेइतकाच थंड राहतो. जमिनीला चिकटून वाढणारे झुडूप मात्र आपल्या दाट फांद्यांत ऊब अडकवून धरते. उन्हाच्या दिवशी जमिनीलगतचे तापमान हवेपेक्षा कितीतरी जास्त असते. एकाच ठिकाणी उभे राहिलेल्या माणसाचे डोके आणि घोटे दोन वेगळ्या हवामानांत असतात म्हणा ना. उंचावरच्या वनस्पती घोट्यांच्या हवामानात राहतात.

झुडपांकडे दुर्लक्ष का होते? त्यांत पाहण्यासारखे काय?

फुलांच्या यादीत झुडपांना मान नसतो, आणि पावसाळ्यात जाणाऱ्याला त्यांची फुलेही फारशी दिसत नाहीत. पण डोंगर वाचायचा तर झुडपांपासून सुरुवात करणे सोपे पडते. फुले पंधरवड्यात बदलतात. झुडपे दशकानुदशके जागा सोडत नाहीत.

ऱ्होडोडेंड्रॉनचे उदाहरण घ्या. खालच्या जंगलातला बुरांश, म्हणजे उत्तराखंडचा राज्यवृक्ष, हा चांगला उंच वृक्ष आहे. त्याची लाल फुले वसंतात येतात आणि त्यांचे सरबत उत्तराखंडच्या प्रत्येक दुकानात मिळते. वृक्षरेषेपाशी त्याचा भाऊबंद भेटतो, ऱ्होडोडेंड्रॉन कॅम्पॅन्युलेटम. हा माणसाच्या उंचीचा, वाकलेल्या फांद्यांचा. बर्फाच्या भाराने फांद्या आधी उताराकडे झुकतात आणि मग टोकाशी वर वळतात. त्यामुळे त्याच्या आकारावरून त्या उतारावर हिवाळ्यात बर्फ किती साचत असेल याचा अंदाज येतो. पान उलटून पाहिले तर खालच्या बाजूला तपकिरी लोकरीसारखा थर दिसतो. आणखी वर, हेमकुंडाच्या बाजूला, तिसरा भाऊ लागतो, ऱ्होडोडेंड्रॉन अँथोपोगॉन. हा जेमतेम गुडघ्याएवढा. पाने बोटभर, चुरगळली की उग्र सुगंध येतो. हिमालयात अनेक ठिकाणी ही पाने धुपासाठी वाळवतात. एकाच कुळातला वृक्ष, मोठे झुडूप आणि बुटके झुडूप ही तीन रूपे एका वाटेवर क्रमाने भेटतात. उंची मोजायचे यंत्र नसले तरी चालते.

याशिवाय जुनिपरची जमिनीवर पसरलेली काटेरी जाळी, बुटके विलो, पिवळ्या लाकडाचा किलमोडा (आपल्याकडच्या आयुर्वेदाच्या दुकानात ‘दारुहळद’ म्हणून मिळते ती या बर्बेरिस कुळातूनच येते), पांढऱ्या रानगुलाबाची झुडपे, लाल फळांचे कोटोनिॲस्टर. या झुडपांची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात. त्यांच्या आडोशाला बर्फ आणि वारा कमी लागतो म्हणून अनेक नाजूक फुलझाडे झुडपाच्या कडेलाच उगवतात. फुले शोधायची असतील तर मोकळ्या कुरणापेक्षा झुडपाची सावलीची बाजू आधी पाहावी.

दर पंधरवड्याला फुले का बदलतात?

दरीवर सुमारे सहा महिने बर्फ असते. वाढ, फुले, परागीभवन, बी हे सगळे उरकायला हातात तीन-चार महिने. म्हणून इथल्या बहुतेक वनस्पती बहुवर्षायू आहेत. दरवर्षी बीपासून नव्याने सुरुवात करणे त्यांना परवडत नाही. अन्न कंदात, मुळांत साठवलेले असते, आणि अनेकांच्या कळ्या आदल्या वर्षीच जमिनीखाली तयार होऊन बसलेल्या असतात. बर्फ हटले की त्या फक्त उघडायच्या.

जूनमध्ये वाटेत बर्फाचे पट्टे आडवे असतात आणि वितळत्या पाण्याच्या काठी पिवळी कॅल्था, जांभळट प्रिम्युला, पांढरे ॲनिमोन फुलतात. जुलैच्या मध्यापासून मोठी गर्दी सुरू होते : तांबडे आणि पिवळे पोटेंटिला, निळसर जांभळे जिरेनियम, घंटेच्या आकाराचे कॅम्पॅन्युला, नदीपात्रातील गोट्यांवर गुलाबी एपिलोबियम. खडकांच्या कपारीत निळी खसखस, म्हणजे मेकोनोप्सिस, असते. अंगभर काटे आणि पाकळ्या मात्र रेशमासारख्या. हे फूल भरपूर दिसते असे नाही, नशिबाने आणि शोधून दिसते. ऑगस्टच्या उत्तरार्धात उंच वाढणारे तेरडे आणि पांढऱ्या फुलोऱ्याचे पॉलिगोनम सगळ्यावर मात करतात. सप्टेंबरात बिया आणि पानांचे तांबूस-पिवळे रंग.

म्हणजे ‘पाचशे प्रकारची फुले’ हे विधान खरे असले तरी ती एकाच दिवशी कधीच फुललेली नसतात. तक्रारीचे मूळ इथे आहे. जाहिरातीतील छायाचित्रे तीन वेगवेगळ्या महिन्यांतील, आणि बऱ्याचदा जमिनीला कॅमेरा टेकवून काढलेली असतात.

परागीभवन कोण करते, हेही उंचीप्रमाणे बदलते. थंडीत मधमाशी फारशी बाहेर पडत नाही. तिची जागा केसाळ, जाडजूड बंबलबी घेते. उडण्याचे स्नायू थरथरवून ती स्वतःचे अंग तापवू शकते, त्यामुळे रिमझिम पावसातही कामावर असते. त्याहून वर माश्यांचे राज्य. मोरिना या काटेरी पानांच्या झाडाची फुले पांढरी उमलतात आणि परागीभवनानंतर गुलाबी, मग किरमिजी होतात. एकाच दांडीवर तिन्ही रंग दिसतात, आणि कोणत्या फुलाकडे जाण्यात अर्थ उरलेला नाही हे किडीला कळते. पेडिक्युलॅरिस ही सुरेख दिसणारी वनस्पती शेजारच्या गवताच्या मुळांत आपली मुळे घालून पाणी आणि क्षार चोरते.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला इथे ओळखीचे काय सापडेल?

बरेच काही. दरीतील दीड-दोन मीटर उंचीचा गुलाबी इम्पेशन्स सल्काटा हा आपल्या तेरड्याचाच नातेवाईक. पिकलेल्या शेंगेला बोट लावा, ती तशीच फट्‌कन फुटून बिया उडवते. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, इथे तो तीन आठवडे पुरतो इतकेच.

फर-जंगलातील कोब्रा लिली म्हणजे अरिसेमा. भीमाशंकर, महाबळेश्वरच्या जंगलात पावसाच्या सुरुवातीला सापकांदा नावाने ओळखले जाणारे फणाधारी फूल याच प्रजातीचे. याची गंमत अशी की एकच रोप एका वर्षी नर आणि दुसऱ्या वर्षी मादी असू शकते. कंद लहान असेल तर रोप नर राहते. पुरेसे अन्न साठले की मादी होते, कारण बी धरायला ताकद लागते. वर्ष वाईट गेले तर पुन्हा नर. बारीक चिलटे वासाने फण्यात शिरतात. नर फुलाच्या तळाशी बहुधा छोटी फट असते, तिथून ती परागकण घेऊन सुटतात. मादी फुलात शिरलेल्यांना मात्र अशी फट नसते.

आणि अतिविष. बाळगुटीत उगाळतात ते अतिविष हे याच उंचीवरील ॲकोनिटम हेटेरोफायलम या वनस्पतीचे मूळ. तिच्या कुळातील बचनाग मात्र जीवघेणा विषारी आहे. निळ्या-जांभळ्या टोपीच्या आकाराचे फूल दिसले तर लांबूनच पाहावे. अतीस, कुटकी, जटामांसी, सालमपंजा या सगळ्या औषधी वनस्पतींची मुळे किंवा कंद खणून काढावे लागतात, म्हणजे औषध मिळते तेव्हा झाड संपलेले असते. राष्ट्रीय उद्यानात खणायला बंदी आहे, पण हिमालयात इतरत्र या चारही जातींवर तस्करीचा मोठा ताण आहे. मैदानातील मागणीची किंमत असे कुरण मोजते.

ब्रह्मकमळ म्हणजे आपल्या गॅलरीतले का?

नाही. पावसाळ्यात रात्री उमलणारे, ज्याचे फोटो शेजारपाजारी पाठवले जातात आणि ज्याची काही घरांत आरतीही होते, ते पांढरे फूल एपिफायलम हे निवडुंग आहे. ते मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. हिमालयातले ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा. ते कमळही नाही, निवडुंगही नाही. ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे आणि उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे. दरीच्या सपाट भागात ते सहसा मिळत नाही. त्यासाठी हेमकुंडाची चढण चढावी लागते. ऑगस्टमध्ये शेवटच्या टप्प्यात वाटेच्या दोन्ही बाजूंना दगडांमध्ये ते दिसू लागते.

दुरून दिसतात त्या फिकट पिवळसर, कागदी ‘पाकळ्या’ पाकळ्या नसतातच. ती फुलोऱ्याभोवती गुंडाळलेली पाने असतात. खरी फुले आत, जांभळट, बटणांएवढ्या गुच्छांत. कागदी आवरणातून ऊन आत जाते, पाऊस आणि वारा बाहेर राहतो, आणि आतली हवा बाहेरपेक्षा उबदार राहते. काचघर बांधण्याआधी निसर्गाने बांधलेले काचघर. त्याचाच भाऊ फेनकमळ आणखी वर राहतो आणि पूर्णपणे पांढऱ्या लोकरीत गुंडाळलेला असतो. उपाय वेगळा, हेतू तोच.

बद्रीनाथ-केदारनाथच्या पूजेत आणि नंदाष्टमीला ब्रह्मकमळ वाहण्याची परंपरा आहे. पूर्वी ठरावीक दिवशी, ठरावीक लोकांनी, अनवाणी जाऊन फुले आणायची अशी बंधने गावोगाव होती. ही बंधने म्हणजे एक प्रकारचे व्यवस्थापनच होते. आता मागणी यात्रेकरूंच्या संख्येसोबत वाढली आहे, बंधने मात्र त्या प्रमाणात टिकलेली नाहीत. बी धरण्याआधी खुडलेले फूल पुढच्या पिढीतून वजा होते.

चराईबंदीने फुले वाढली की घटली?

राष्ट्रीय उद्यान झाल्यावर दरीत चराई बंद झाली. तर्क सरळ होता : मेंढ्या फुले खातात, म्हणून मेंढ्या नकोत. पण काही वर्षांतच पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम (स्थानिक नाव अमेला) या पुरुषभर उंचीच्या वनस्पतीचे दाट पट्टे पसरू लागले. तिच्या सावलीत लहान फुलझाडे तगत नाहीत. काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी आणि स्थानिकांनी थेट बोट ठेवले : मेंढ्या कोवळे कोंब खात आणि तुडवत, म्हणून अमेला आटोक्यात होती. तुम्ही मेंढ्या काढल्या आणि दरी तिच्या हवाली केली.

दुसऱ्या बाजूच्या अभ्यासकांचे म्हणणे असे की गोष्ट इतकी सोपी नाही. अमेला ही परकी नाही, हिमालयातलीच आहे. ती मुख्यतः तिथे माजते जिथे जमीन आधीच विस्कटलेली असते : हिमस्खलनाचे मार्ग, दरडी, आणि पूर्वी जिथे मेंढपाळांचे तळ पडत त्या खतावलेल्या जागा. म्हणजे तिच्या पसरण्यात जुन्या चराईचाही वाटा आहे. दरीच्या ज्या भागांत जमीन विस्कटलेली नाही तिथे फुलांची विविधता बंदीनंतर टिकून आहे, असे या बाजूचे मत. वनविभाग आता दरवर्षी मजूर लावून अमेला उपटतो. मुळाचा तुकडा राहिला तरी ती पुन्हा उगवते, त्यामुळे हे काम संपणारे नाही.

दोन्ही बाजूंचे म्हणणे अंशतः खरे असण्याची शक्यता अधिक वाटते. थोडी चराई आणि बेसुमार चराई यांत फरक असतो, पण कायद्याला ‘थोडी’ मोजणे जड जाते, म्हणून तो ‘शून्य’ लिहून मोकळा होतो. हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. कास पठाराला तारेचे कुंपण घातल्यावर गुरे थांबली, गवत वाढले आणि फुले कमी झाली, असे तिथल्या गावकऱ्यांनी आणि काही अभ्यासकांनी मांडले होते. पुढे ते कुंपण काढण्यात आले. फुलांचे पठार असो की फुलांची दरी, आपण ‘निसर्ग’ म्हणून ज्याचे फोटो काढतो त्यात गुराख्याचा हात किती, हे आधी तपासलेले बरे.

भ्यूंडार आणि पुलनाच्या लोकांचे कुरण गेले. त्या बदल्यात खेचरे, ढाबे, लॉज आणि वाटाड्याची कामे आली. वाटेवरचा प्लास्टिक कचरा गोळा करून खाली पाठवण्याचे काम स्थानिक इको डेव्हलपमेंट कमिटी करते. रोजगार आहे, पण तो पाच महिन्यांचा आणि रस्त्यावर अवलंबून. जून २०१३ च्या प्रलयात गोविंदघाटपासूनची पायवाट आणि पूल वाहून गेले तेव्हा संपूर्ण हंगाम बुडाला.

तापमानवाढीचा इथे काय संबंध?

हवा तापली की वनस्पती वर सरकतात, हे जगभरातील पर्वतांवर नोंदले गेले आहे. उत्तराखंडमध्ये बुरांश जानेवारी-फेब्रुवारीतच फुलल्याच्या बातम्या आता दर हिवाळ्यात येतात. वृक्ष आणि मोठी झुडपे वर सरकली तर कुरणाची जागा घटते. कुरणातल्या वनस्पतीही वर सरकतील, पण डोंगर वर निमुळता होत जातो आणि शेवटी फक्त खडक आणि बर्फ उरते. ब्रह्मकमळासारख्या आधीच वरच्या पायरीवर बसलेल्या वनस्पतीला पुढची पायरी फार लहान आहे.

दुसरा धोका वेळापत्रकाचा. बर्फ लवकर वितळले तर फुले लवकर उमलतात. ज्या बंबलबीने यायचे ती त्याच दिवशी बाहेर पडेल याची खात्री नसते. आणि बर्फ हे पांघरूणही आहे. ते पातळ झाले तर उशिरा आलेल्या कडाक्यात कळ्या उघड्या पडतात.

मग जायचे कधी आणि पाहायचे कसे?

सर्वाधिक जाती पाहायच्या तर जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य. ब्रह्मकमळ हवे असेल तर ऑगस्टची बाजू धरावी. बर्फ आणि प्रिम्युला पाहायचे असतील तर जून. दरीत मुक्कामाला परवानगी नाही, सकाळी जाऊन दुपारी परतावे लागते, त्यामुळे घांघरियात दोन रात्री तरी ठेवाव्यात : एक दिवस दरी, एक दिवस हेमकुंड. दोन्ही एका दिवसात उरकणारे गट असतात. ते चालायला जातात, पाहायला नव्हे. हेमकुंडाची चढण कमी अंतरात हजारभर मीटरहून अधिक आहे. डोके दुखू लागले, मळमळ झाली तर ‘थोडेच राहिले’ या सल्ल्याकडे दुर्लक्ष करून खाली उतरावे.

जवळ दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग ठेवावे. त्याने पाहिलेले एक पोटेंटिला मोबाइलवरच्या पन्नास फोटोंपेक्षा जास्त शिकवते. फोटो काढायचाच तर फक्त फुलाचा काढू नये. पान, पानाची मागची बाजू, खोड आणि संपूर्ण रोप, शेजारी मापासाठी नाणे, असे चार-पाच फोटो घेतले तरच घरी आल्यावर ओळख पटते. जिरेनियमच्या दोन जाती फुलावरून सारख्याच दिसतात, पानावरून वेगळ्या पडतात. पोलुनिन आणि स्टेंटन यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ द हिमालया’ हे १९८४ चे पुस्तक अजूनही सर्वाधिक उपयोगी आहे. ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या ॲपवर उंची आणि तारखेसह नोंद टाकली तर ती अभ्यासकांना वापरता येते. कोणते फूल कोणत्या वर्षी कोणत्या आठवड्यात उमलले, याच्या सलग नोंदी हिमालयात फार थोड्या आहेत.

वाट सोडून कुरणात शिरू नये. इथे माती पातळ आहे आणि वर्षातून काही आठवडेच वाढ होते. एका फोटोसाठी बसून दाबलेली जागा भरून यायला अनेक हंगाम लागतात, आणि मोकळ्या झालेल्या त्या तुकड्यात आधी पोहोचते ती बहुधा अमेलाच.